सापडणे अर्धे, पोहोचणे अर्धे
जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांचे जड सुटे भाग आणि त्यांचा मराठवाड्यापर्यंतचा प्रवास

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीला ‘मुस्तफा’ हे नाव उच्चारताच एक अंधारी, अरुंद खोली आठवते. एका बाजूला ओळीने उभी असलेली माणसाएवढ्या उंचीची प्लायवूडची कपाटे, प्रत्येकाच्या पोटात एक उजळ पडदा, त्याखाली दांडा व रंगीत बटणे आणि नाणे टाकण्याची खाच. शाळेच्या दप्तरासह आत शिरलेली मुले आपापल्या पाळीची वाट पाहत उभी राहत. ज्या खेळाला भारतातील मुलांनी ‘मुस्तफा’ म्हटले, त्याचे मूळ नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. त्यातील एका पात्राचे नाव मुस्तफा होते आणि आपल्याकडे तेच साऱ्या खेळाचे नाव होऊन बसले. त्याच कंपनीचा १९९१ चा ‘स्ट्रीट फायटर टू’ आणि एसएनके कंपनीचा १९९७ चा ‘किंग ऑफ फायटर्स’ हेही तितकेच लोकप्रिय होते.

त्या काळी वडीलधाऱ्यांना ही दुकाने फारशी रुचत नसत. अभ्यासाचा वेळ आणि खाऊचे पैसे दोन्ही तेथे खर्ची पडत, हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. पुढे घरोघरी संगणक आले, नंतर हातोहाती मोबाइल आले आणि व्हिडिओ गेम पार्लर बंद पडली. यंत्रांचे काय झाले, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. काही भंगारात गेली, काहींचे प्लायवूड मांडण्यांसाठी वापरले गेले, तर काही गोदामांच्या कोपऱ्यात पोत्यांमागे धूळ खात उभी राहिली. आता त्याच पिढीतील काहींना एखादे यंत्र पुन्हा चालू करावेसे वाटते. कोणाला ते आपल्या उपाहारगृहात ठेवायचे असते, कोणाला घरी मुलांना दाखवायचे असते. जगात या वस्तूंकडे आता इतिहास म्हणून पाहिले जाते. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील ‘द स्ट्राँग’ या खेळविषयक संग्रहालयात अशा यंत्रांचा मोठा संग्रह जतन केलेला आहे.

यंत्र चालू करण्याची इच्छा होणे सोपे. परंतु नांदेड किंवा लातूरसारख्या ठिकाणी ती इच्छा बहुधा एकाच ठिकाणी अडते. बटणे, दांडे, तारा या हलक्या वस्तू टपालानेही येतात. अडचण येते ती जड आणि नाजूक भागांची, त्यातही पिक्चर ट्यूबची. हा भाग कोठे शोधावा आणि सापडल्यावर तो शेकडो किलोमीटरांवरून धडपणे कसा आणावा, हे दोन्ही प्रश्न सारख्याच तोलाचे आहेत. पहिल्यावर लोक महिनोन्महिने खर्च करतात, दुसऱ्याचा विचार मात्र वस्तू ट्रकमध्ये चढल्यानंतर करतात. नुकसान होते ते येथेच.

यंत्राचे हृदय आणि त्याची काच

जुन्या व्हिडिओ गेम यंत्राचे मुख्य भाग चार. खेळाचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, वीजपुरवठा, दांडा-बटणांची फळी आणि पडदा. बोर्ड बदलणे त्यामानाने सोपे असते, कारण १९८५ साली जपानमधील यंत्रनिर्मात्यांच्या संघटनेने ‘जामा’ नावाची ५६ जोडबिंदूंची एक समान जोडणी ठरवून दिली. त्या पद्धतीचा कोणताही बोर्ड त्या पद्धतीच्या कोणत्याही कपाटात बसतो. आपल्याकडील पार्लरचालक एकाच कपाटात दर काही महिन्यांनी नवा खेळ बसवू शकत, ते यामुळेच.

पडद्याची गोष्ट निराळी. तो म्हणजे जुन्या टीव्हीत असे तीच काचेची मोठी नळी. येथे मराठवाड्याला जवळची अशी एक गोष्ट आहे. आपल्याकडील टीव्हीच्या चित्रात आडव्या रेषा सेकंदाला १५,६२५ या गतीने उमटत. बहुसंख्य जुन्या व्हिडिओ गेमचा वेगही याच्या अगदी जवळपास, पंधरा हजार सातशेच्या आसपास होता. म्हणून भारतात जुळविलेल्या कपाटांत साध्या टीव्हीची पिक्चर ट्यूब सर्रास बसविली गेली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास देशात रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पुढील काळात या नळ्या भारतातच बनू लागल्या. गाझियाबादला सॅमटेल, मोहालीला जेसीटी आणि काचेचे कवच बनविणारा व्हिडिओकॉनचा कारखाना भरूचला. व्हिडिओकॉनचे टीव्ही तर औरंगाबादजवळ, पैठण रस्त्यावरील चितेगावला तयार होत. मराठवाड्याच्या मातीत उभा राहिलेला हा उद्योगसमूह इतका वाढला की २००५ मध्ये त्याने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसायच विकत घेतला. पण तोवर सपाट पडद्यांचे युग सुरू झाले होते. नळ्यांची मागणी आटली, आणि २०१८ साली व्हिडिओकॉनचे प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेले.

याचा अर्थ एवढाच की आज ज्या नळ्या शिल्लक आहेत, त्यांतूनच काम भागवावे लागते. बाजारात जाऊन नवी आणता येत नाही. एक नळी वाटेत फुटली की शिल्लक साठ्यातून एक कायमची वजा होते. म्हणूनच वाहतुकीतील निष्काळजीपणा येथे नेहमीपेक्षा महाग पडतो.

शोध कोठे घ्यावा

शोधाची सुरुवात दूरच्या शहरापासून करण्याचे कारण नाही. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत जुने टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर अजून आहेत. त्यांच्या दुकानांच्या माळ्यावर न विकले गेलेले संच, काढून ठेवलेल्या नळ्या आणि जुने ट्रान्सफॉर्मर हमखास असतात. घरोघरी अडगळीत ठेवलेला एकवीस इंची टीव्ही हाही एक स्रोतच आहे. ज्याचे चित्र अजून स्वच्छ दिसते, असा संच तालुक्याच्या गावीही किरकोळ किमतीत मिळतो. जवळ सापडलेल्या नळीचा मोठा लाभ असा की ती स्वतःच्या वाहनात, मांडीशी धरून आणता येते.

जवळपास काही न मिळाल्यास मोठ्या बाजारांचा विचार करावा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हैदराबादचा कोटी परिसर आणि दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील लजपतराय मार्केट ही इलेक्ट्रॉनिक मालाची जुनी ठाणी आहेत. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग असलेल्या या दोन्ही जिल्ह्यांचा हैदराबादशी व्यापारी संबंध आजही जिवंत आहे. अंतर कमी, रस्ता थेट आणि ट्रान्सपोर्टवाले ओळखीचे, ही त्या बाजाराची जमेची बाजू. परदेशातून जुनी नळी मागविण्याचा मोह मात्र आवरावा. वापरलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणि त्यांचे भाग आयात करण्यावर कायद्याची बंधने आहेत, आणि वाहतुकीचा खर्च वस्तूच्या किमतीहून कितीतरी अधिक होतो.

नळी निवडताना नुसते इंच पाहून चालत नाही. नळीवर चिकटविलेल्या चिठ्ठीवर तिचा क्रमांक असतो. युरोपीय पद्धतीच्या क्रमांकात पहिले अक्षर ‘ए’ असल्यास ती टीव्हीसाठी आणि ‘एम’ असल्यास मॉनिटरसाठी बनलेली असते. त्यापुढील दोन आकडे पडद्याचा कर्ण सेंटिमीटरमध्ये सांगतात. ‘ए ५१’ म्हणजे ५१ सेंटिमीटर कर्णाची टीव्हीची नळी. मानेची जाडी, मागच्या टोकाच्या पिनांची रचना आणि मानेवर बसविलेली तांब्याची योक कॉइल या तीन गोष्टी जुन्या नळीशी जुळल्या पाहिजेत. शक्य असल्यास योक नळीवरून काढूच देऊ नये. तिच्या कडेच्या रबरी पाचरी आणि मानेवरील चुंबकी कड्या कारखान्यात रंग जुळवून बसविलेल्या असतात. त्या एकदा हलल्या की लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग एका ठिकाणी आणण्यास कुशल कारागिराचाही दिवस जातो.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून चार गोष्टी मागाव्यात. क्रमांकाच्या चिठ्ठीचे छायाचित्र, मानेचे जवळून घेतलेले छायाचित्र, नळी चालू असतानाची चित्रफीत आणि बंद असताना काचेवर प्रकाश पाडून काढलेले छायाचित्र. शेवटच्या छायाचित्रात पडद्यावर जुन्या चित्राचा कायमचा डाग उमटला आहे काय ते दिसते. वर्षानुवर्षे तेच चित्र दाखविलेल्या पडद्यावर असे डाग राहतात. अनोळखी विक्रेत्यास संपूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नये. पैसे मिळविण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, तो पैसे देण्यासाठी असतो, ही साधी गोष्ट लक्षात ठेवल्यास अनेक फसवणुकी टळतात. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

काचेच्या नळीत दडलेला भार

पिक्चर ट्यूब जड का आणि धोक्याची का, हे समजल्याशिवाय ती बांधता येत नाही. नळीच्या आत हवा नसते. बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. वीस इंची नळीचा पडदा साधारण ४० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच धरला, तर त्याचे क्षेत्रफळ १,२०० चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे एकट्या पडद्यावर बाराशे किलोंच्या आसपास भार अहोरात्र असतो. तो पेलण्यासाठी काच जाड ठेवावी लागते. म्हणून एकवीस इंची रंगीत नळीचे वजन दहा किलोच्या वर जाते आणि एकोणतीस इंची तर तीस किलोच्या आसपास असते. पडद्याच्या कडेभोवती आवळलेली पोलादी पट्टी हा भार सांभाळण्यास मदत करते. ती पट्टी कधीही काढू नये. त्या पट्टीचे चार कोपऱ्यांवरील कान स्क्रूने बसविण्यासाठी असतात.

मागची मान मात्र पातळ काचेची, जेमतेम अंगठ्याएवढी जाड. नळीचा सर्वांत नाजूक भाग तोच. मानेला तडा गेला की बारीक सूं असा आवाज करीत हवा आत शिरते आणि नळी कायमची निकामी होते. मोठा आघात बसल्यास काच आतल्या बाजूस कोसळून तिचे तुकडे वेगाने बाहेर उडतात. म्हणून नळी हाताळताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि हातांत जाड हातमोजे असावेत. पडदा छातीकडे करून दोन्ही हातांनी कडेच्या पट्टीखाली धरून ती उचलावी. मानेला धरून कदापि उचलू नये.

दुसरा धोका विजेचा. रंगीत नळीच्या बाजूस जी रबरी टोपी असते, तेथे चालू असताना वीस हजार व्होल्टपेक्षा अधिक दाब असतो. वीज बंद केल्यानंतरही नळीत भार साठून राहतो, आणि एकदा काढून टाकल्यावर काही अंशी पुन्हा जमतो. नळी काढण्यापूर्वी तो नळीच्या बाहेरील काळ्या लेपाशी जोडलेल्या तारेत योग्य रीतीने उतरविणे हे अनुभवी टीव्ही कारागिराचे काम आहे. हौशी माणसाने केवळ चित्रफीत पाहून त्यात हात घालू नये. विक्रेत्याने नळी कशी काढली आणि भार उतरविला काय, हेही विचारून घ्यावे.

पॅकिंग: स्टिकरवर विसंबू नये

‘काच आहे, सांभाळा’ असा लाल कागद चिकटविला की आपले कर्तव्य संपले, असे अनेकांना वाटते. परंतु रात्री दोन वाजता गाडीतून माल उतरविणारा हमाल तो कागद वाचीत नाही, आणि त्याच्यावर रागावूनही उपयोग नाही. त्याच्या वाट्याला शेकडो डाग असतात. पॅकिंग असे हवे की कोणी कागद न वाचताही वस्तू वाचावी.

नळी नेहमी पडदा खाली आणि मान वर अशा स्थितीत बांधावी. पडद्याची काच सर्वांत जाड असल्याने वजन तिच्यावर टाकणे श्रेयस्कर. तळाशी किमान दोन इंच जाडीचा दाट फोम, त्यावर पडदा, आणि चारही बाजूंनी फोमचे कोपरे असे बसवावे की नळी तसूभरही सरकू नये. थर्माकोलचे सुटे मणी किंवा चुरगळलेली वर्तमानपत्रे जड वस्तूसाठी निरुपयोगी ठरतात. प्रवासातील हादऱ्यांनी ती दबतात, वस्तू हळूहळू खाली उतरते आणि शेवटी काच थेट पेटीला टेकते. मानेभोवती तिच्यापेक्षा रुंद आणि लांब असा प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा उभा करावा. तो मानेला कोठेही टेकता कामा नये. त्याचा आधार पेटीच्या चौकटीला हवा.

हे सारे जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि ते खोके लाकडी पट्ट्यांच्या पेटीत ठेवावे. दोहोंच्या मध्ये पुन्हा फोमचा थर असावा. पेटीच्या तळाला दोन आडव्या लाकडी पट्ट्या ठोकल्यास हमालांना खाली हात घालता येतो, आणि वरच्या बाजूस दोरीच्या मुठी लावल्यास पेटी आपोआप सरळच उचलली जाते. वरचा भाग उतरता, छपरासारखा केल्यास त्यावर दुसरा माल रचता येत नाही. सुताराला या पेटीसाठी दोन-चारशे रुपये जास्त द्यावे लागले तरी ते वाया जात नाहीत.

पेटी तयार झाल्यावर नळी घालण्यापूर्वी एक सोपी परीक्षा घेता येते. नळीच्या वजनाइतक्या विटा कापडात गुंडाळून आत ठेवाव्यात, त्यांच्यावर एक अंडे बसवावे आणि पेटी गुडघ्याच्या उंचीवरून जमिनीवर सोडावी. अंडे फुटले तर फोम कमी किंवा फार कठीण आहे असे समजावे. ज्यांना अंडे वापरणे पसंत नाही, त्यांनी जुना काचेचा बल्ब घ्यावा. परीक्षेचा हेतू तेवढाच साधतो.

ट्रान्सफॉर्मर, पोलादी नाणेदरवाजा यांसारखे घन, जड भाग नळीच्या पेटीत कधीही घालू नयेत. जुन्या मॉनिटरसाठी लागणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आकाराने लहान पण दगडासारखा असतो. तो सुटला तर आतल्या आत हातोड्याचे काम करतो. अशी वस्तू फळीला बोल्टने आवळून वेगळ्या खोक्यात पाठवावी. आख्खे कपाट आणायचे असल्यास त्यातील नळी आणि बोर्ड काढून स्वतंत्र बांधणे उत्तम. ते शक्य नसेल तर नळीचे चारही बोल्ट घट्ट करून मागच्या बाजूने आधार द्यावा. कपाट लाकडी तळावर उभे बांधावे, आडवे टाकू नये. त्याची किल्ली मात्र बंद कपाटात ठेवू नये. अशी चूक हसण्यासारखी वाटली, तरी ती वरचेवर घडते.

कोणती गाडी, कोणता कागद

कुरिअरने पाठविताना एक गणित अनेकांना ठाऊक नसते. मोठ्या पण हलक्या खोक्यासाठी कंपन्या प्रत्यक्ष वजन न धरता आकारावरून वजन ठरवितात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि बहुधा ५,००० ने भागायचे. बारा-तेरा किलोच्या नळीची पेटी ६० बाय ६० बाय ५५ सेंटिमीटरची झाली, तर गुणाकार १,९८,००० येतो आणि आकारणी जवळजवळ ४० किलोची होते. म्हणून खर्चाचा अंदाज पेटीच्या मापावरून आधीच काढावा. भाडे वाचविण्यासाठी फोम कमी करणे हा मात्र खोटा हिशेब आहे.

मराठवाड्यासाठी ट्रान्सपोर्टचा पर्याय अनेकदा बरा पडतो. लातूरची डाळ आणि भुसार माल देशभर जातो, तेव्हा परतीच्या गाड्या नेहमीच असतात. आडत बाजारातील ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडून थेट गाडी मिळाल्यास माल वाटेत उतरविला जात नाही, आणि जितके उतरविणे कमी तितकी फूट कमी. रेल्वेच्या पार्सलबाबतही हेच तत्त्व लागू पडते. नांदेडसाठी दिल्लीमार्गे येणारी सचखंड एक्सप्रेस आणि लातूरसाठी मुंबईहून येणारी थेट गाडी यांना वाटेत गाडी बदलावी लागत नाही. पार्सलची जागा व नियम स्थानकावर आधी विचारून घ्यावेत. नांदेडहून लातूरला किंवा उलट न्यायचे असेल, तर अंतर एका दिवसात जाऊन परत येण्याइतकेच आहे. अशा वेळी स्वतः गाडी घेऊन जाणे सर्वांत सुरक्षित.

आता कागदांविषयी. बिल्टीवर बहुधा ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का असतो आणि तो वाचल्याविना सही केली जाते. रस्त्याने माल वाहून नेण्याबाबत २००७ चा कायदा आहे. त्यानुसार जास्त किंमत घोषित करून त्याचा जादा दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची भरपाई सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. सहाशे रुपये भाडे दिले असेल, तर सहा हजारांपलीकडे अपेक्षा ठेवता येत नाही. दावा करायचा असल्यास बुकिंगच्या दिनांकापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी तक्रार किंवा दूरध्वनी पुरेसा होत नाही. मालाची किंमत बिल्टीवर खरी लिहावी. विमा घेतल्यास जुन्या मालाची काच फुटण्याचा धोका त्यात समाविष्ट आहे काय, हे अटींमध्ये वाचून पाहावे. पन्नास हजारांहून अधिक किमतीच्या मालासाठी ई-वे बिलाचीही चौकशी करावी.

माल हाती येताना घाई करू नये. पेटी उघडण्यापूर्वी चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. पेटी फुटलेली किंवा उलटी आलेली दिसल्यास पोच पावतीवर तसे लिहूनच सही करावी. उघडतानाची चित्रफीत काढावी. हा संशय नव्हे, हा व्यवहार आहे. बिल्टी, पावती, छायाचित्रे आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार एकत्र ठेवल्यास वाद झालाच तरी तो लवकर मिटतो.

पोहोचल्यानंतर

पावसाळ्यात आलेली पेटी उघडताच वीज जोडू नये. खोलीत काही तास तशीच ठेवल्यास आतील दमटपणा निघून जातो. नळी बसविण्यापूर्वी मान आणि पिना पुन्हा तपासाव्यात. जुन्या बोर्डावरील फुगलेले कपॅसिटर बदलून मगच नवी नळी जोडावी, अन्यथा एवढ्या प्रयासाने आणलेली वस्तू पहिल्याच दिवशी बिघडण्याची शक्यता असते. ज्या पेटीतून नळी आली ती मोडू नये. पुढे यंत्र हलवावे लागले किंवा दुसऱ्या कोणास नळी द्यावीशी वाटली, तर तीच पेटी उपयोगी पडते.

निकामी झालेल्या नळीचीही जबाबदारी मालकावरच असते. तिच्या मागील निमुळत्या भागाच्या काचेत शिशाचे ऑक्साइड मोठ्या प्रमाणात, सुमारे पाचव्या हिश्श्याएवढे असते. ती उकिरड्यावर फोडल्यास शिसे मातीत आणि पाण्यात उतरते, आणि फोडणाऱ्याच्या हातालाही इजा होते. तांब्याच्या मोहापायी भंगारवाल्याला नळी फोडू देऊ नये. ई-कचऱ्याबाबत २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच ती द्यावी.

नळी कोठेच न मिळाल्यास निराश होण्याचे कारण नाही. सपाट पडद्यासाठी सिग्नल बदलणारा छोटा बोर्ड बसवून तेच कपाट, तीच बटणे आणि तोच खेळ चालू करता येतो. रंगांची ती जुनी उष्णता त्यात येत नाही आणि बंदुकीने नेम धरण्याचे काही खेळ नळीशिवाय चालतच नाहीत, कारण ती बंदूक नळीच्या पडद्यावर धावणारा प्रकाशबिंदू पाहून काम करते. तरीही बंद कपाटापेक्षा चालू कपाट बरे.

ज्यांच्या गोदामात असे एखादे यंत्र अजून उभे आहे, त्यांनी ते भंगारात देण्यापूर्वी एकदा मागचा दरवाजा उघडून पाहावा. आत हात मात्र घालू नये. विजेरीच्या उजेडात नळीच्या बाजूची चिठ्ठी वाचावी आणि तिचा क्रमांक कागदावर उतरवून शहरातील जुन्या टीव्ही कारागिराला दाखवावा. गावातल्याच दुसऱ्या कोणाला कदाचित तीच नळी हवी असेल. तसे असेल तर तिला हैदराबाद-दिल्लीचा प्रवासही करावा लागणार नाही.